भाकरीवर लिहायला भीती कशाची?

(संस्थेच्या अन्नलेखन वर्गाच्या प्रारंभी विहाराच्या सभागृहात केलेले भाषण)



आम्ही आपल्यासमोर चार शब्द मांडणार आहोत. आम्ही म्हणजे या वर्गाचे काम पाहणारी मंडळी. आमच्यात कोणी नामवंत साहित्यिक नाही. कोणी शाळेत शिकवले, कोणी कचेरीत खर्डेघाशी केली, कोणी आयुष्यभर घर सांभाळले. तेव्हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. बरोबरीने बसून बोलण्याचा मात्र आहे.

फलकावर ‘अन्नलेखन वर्ग’ असे नाव लिहिले आहे. नाव थोडे जड झाले आहे खरे. त्याचा साधा अर्थ एवढाच की आपण काय खातो, आपले आईवडील काय खात होते, ते कसे मिळवले, कसे शिजवले आणि कोणी कोणाला वाढले, हे कागदावर उतरवायला शिकायचे. नावे नोंदवताना बहुतेकांनी आपली भीती बोलून दाखवली. एक भगिनी म्हणाल्या, “आम्हाला कुठं लिहिता येतंय?” दुसऱ्या म्हणाल्या, “आमच्या खाण्यात लिहिण्यासारखं काय आहे?” कॉलेजात शिकणारा एक तरुण म्हणाला, “माझी भाषा शुद्ध नाही.” आणि एक ज्येष्ठ बंधू हळूच म्हणाले, “जे विसरायला इतकी वर्षं लागली, ते पुन्हा कशाला उकरायचं?” आजचे आमचे बोलणे या चार वाक्यांभोवतीच आहे.

मित्रहो, आधी अंगात आत्मविश्वास यावा आणि मग लेखणी हातात घ्यावी, असा आपला समज असतो. मग तो आत्मविश्वास काही येत नाही आणि कागद कोराच राहतो. आमचे म्हणणे असे की नवशिक्याने आपल्याला नेमकी ठाऊक असलेली एक लहानशी गोष्ट खरी खरी लिहावी. ती लिहून झाली की आत्मविश्वास आपोआप मागून येतो. आणि अन्नाइतकी नेमकी ठाऊक असलेली गोष्ट माणसाजवळ दुसरी कोणती आहे?

नवशिक्या आणि अन्न यांचे नाते आपल्या धम्मात फार जुने आहे. खुद्दकपाठ हा पाली तिपिटकातील एक छोटा ग्रंथ. त्यात श्रामणेराला, म्हणजे संघात नुकत्याच आलेल्या शिकाऊ मुलाला, विचारायचे दहा प्रश्न दिले आहेत. पहिला प्रश्न आहे, एक म्हणजे काय? त्याचे उत्तर असे की सर्व प्राणी आहारावर टिकून आहेत. चार आर्यसत्ये चौथ्या प्रश्नात येतात, अष्टांगिक मार्ग आठव्यात येतो. पहिले पाऊल मात्र अन्नाचे आहे. नवशिक्याला जे सर्वांत आधी समजू शकते तेथूनच सुरुवात करून दिली आहे.

परंपरा सांगते की हे प्रश्न सोपाक नावाच्या सात वर्षांच्या मुलाला विचारले गेले. हे नावही लक्षात घेण्याजोगे आहे. संस्कृतातल्या ‘श्वपाक’ या शब्दाचे सोपाक हे पाली रूप. कुत्र्याचे मांस शिजवणारा असा त्याचा अर्थ. म्हणजे अन्नावरून दिलेली ती शिवी होती आणि ती माणसांच्या नावाला चिकटली होती. ज्याच्या नावातच अन्नाची हेटाळणी होती त्याला बुद्धांच्या संघात विचारलेला पहिला प्रश्न अन्नाचाच निघाला, आणि त्याचे उत्तर राजालाही लागू पडते, श्वपाकालाही लागू पडते. आमच्या मते आपल्या वर्गासाठी याहून चांगला पहिला धडा नाही.

आता “आमच्या खाण्यात लिहिण्यासारखं काय आहे?” या प्रश्नाकडे वळू. विनयपिटकातील महावग्गात यवागूचे, म्हणजे आपल्या पेजेचे, वर्णन आहे. अंधकविंद गावी एका ब्राह्मणाने भिक्षुसंघासाठी पेज आणि मधाचे लाडू करून आणले. त्या प्रसंगी भगवंतांनी पेजेचे दहा गुण सांगितले. पेज देणारा आयुष्य देतो, कांती देतो, सुख देतो, बळ देतो आणि प्रतिभा देतो. पेजेने भूक शमते, तहान भागते, पोटातला वारा सरतो, मूत्राशय साफ राहते आणि न पचलेले पचते. बघा, एवढ्या वर्णनात एकही अलंकार नाही. अमृताची उपमा नाही, चवीची वाहवा नाही. पेज पोटात गेल्यावर काय काय करते, तेवढे क्रमाने सांगितले आहे. आजाऱ्याच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसलेल्या आपल्या कोणत्याही आईला यातले निम्मे गुण ठाऊक असतात. फरक इतकाच की तिचे शब्द कोणी टिपून घेतले नाहीत. आणि पेज प्रतिभा देते, म्हणजे बोलण्याची स्फूर्ती देते, हे ज्यांना स्वतःवर विश्वास नाही त्यांनी तर घरी जाऊन पाटीवर लिहून ठेवावे!

टिपून ठेवले नाही तर काय होते, याचे उदाहरणही धम्माच्या इतिहासातच आहे. भगवंतांचे अखेरचे भोजन पावा नगरीत चुंद लोहाराच्या घरी झाले. महापरिनिब्बान सुत्तात त्या पदार्थाचे नाव आले आहे, ‘सूकरमद्दव’. नाव आहे, कृती नाही. चुंदाने त्यात काय घातले, कशात शिजवले, हे तेथे सांगितलेले नाही. परिणाम असा झाला की जुन्या अट्ठकथाकारांपासूनच मतभेद सुरू झाले. कोणी म्हणाले डुकराचे मऊ मांस, कोणी म्हणाले डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवणारे अळंबे, कोणी म्हणाले बांबूचे कोंब, तर कोणी ते एक रसायन मानले. गोव्यात जन्मलेले थोर पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी १९४०-४१ मध्ये निघालेल्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात ते डुकराचे मांस मानले, आणि त्यांच्या मांसाहारविषयक लिखाणावर त्या काळी मोठे वादळ उठले. एका जेवणातल्या एका पदार्थावर शतकानुशतके चर्चा चालू आहे. चुंदाच्या घरातल्या स्वयंपाक करणाराला विचारून कोणी दोन ओळी नोंदल्या असत्या तर हा वाद उरला नसता.

याच प्रसंगाची दुसरी बाजू आम्हाला त्याहून मोलाची वाटते. भोजनानंतर भगवंतांना तीव्र आजार झाला. आता लोक चुंदाला दोष देतील, आणि चुंद स्वतःलाही दोष देईल, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आनंदाला सांगितले की चुंदाच्या मनातली ही टोचणी दूर कर. ज्या अन्नानंतर संबोधी प्राप्त झाली आणि ज्या अन्नानंतर परिनिर्वाण होते, ती दोन्ही दाने सारख्याच पुण्याची आहेत, असे त्याला सांग. म्हणजे सुजातेची खीर आणि चुंदाच्या घरचे जेवण एका तोलाचे. श्रद्धेने रांधून वाढणाऱ्याला आपल्या अन्नाची लाज वाटू नये, ही काळजी अखेरच्या प्रवासात, देह थकलेला असताना घेतली गेली. आपल्या घरच्या पदार्थावर लिहिताना ज्यांचा हात थबकतो त्यांनी चुंदाची ही गोष्ट आठवावी.

आता लेखनाकडे येऊ. मागे एकदा आम्ही काही जणांना भाकरीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी लिहिले, “माझ्या आईच्या हातची भाकरी अमृतासारखी लागायची. ती चव आता राहिली नाही.” वाक्य खोटे नाही. पण हे वाक्य कोणाच्याही आईबद्दल लिहिता येते, त्यामुळे त्यात लिहिणाऱ्याची आई कोठे दिसत नाही. मग आम्ही फक्त प्रश्न विचारत गेलो. भाकरी कशाची? ज्वारीची, बाजरीची, नाचणीची की तांदळाची? धान्य कोठून आले? मजुरीत मिळाले, रेशनवर मिळाले की स्वतःच्या तुकड्यातले? जात्यावर दळले की गिरणीत? पीठ ताजे की जुने? कारण ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो, काही भागांत त्याला पिठाची विरी जाणे म्हणतात, आणि मग भाकरी थापताना कडा चिरतात. अशा पिठाला आई उकळीचे पाणी घालत होती का? मळायला परात होती की लाकडी काठवट? थापताना हात कसा फिरत होता? तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात कोण फिरवत होते, आणि ते पाणी सुकून भाकरी उलटण्याची नेमकी वेळ तिला कशी कळत होती? शेवटी भाकरी निखाऱ्यावर फुगवली की स्टोव्हच्या आचेवर? पापुद्रा सुटला की तो पहिला कोणाला मिळत होता?

हे प्रश्न सुरू झाल्यावर ज्या भगिनी “आम्हाला कुठं लिहिता येतंय” म्हणत होत्या त्याच सर्वांत पुढे झाल्या. एका वाक्यानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे. कारण या प्रश्नांची उत्तरे प्राध्यापकालाही पुस्तकात शोधावी लागतात आणि त्यांच्या तर हातात होती. ज्या माणसाने दहा हजार भाकऱ्या थापल्या आहेत तो भाकरीच्या बाबतीत नवशिक्या कसा? तो फक्त लेखणीच्या बाबतीत नवशिक्या आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या की निम्मी भीती तेथेच संपते. आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्यांनी भाकरी कधी थापली नाही त्यांनीही निराश होऊ नये. तुमच्याजवळ लेखणीचा सराव आहे, घरात विचारायला आजी आहे. आजीचे हात आणि नातवाची वही एकत्र आली तर त्या घराचा इतिहास लिहिला जाईल.

भाषा शुद्ध नाही, ही तक्रार आता पाहू. पहिला पाऊस पडला की पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला एक रोप आपोआप उगवते. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी गरिबाच्या घरी हमखास होत असे. कोकणातला माणूस तिला टाकळा म्हणतो, विदर्भातला तरोटा म्हणतो, देशावर आणि मराठवाड्यात ती तरवटा होते. यातले शुद्ध नाव कोणते? आपल्या विहारात चारही प्रांतांची कुटुंबे येतात. जर प्रत्येकाने आपापला शब्द दडवून पुस्तकी शब्द शोधला तर भाजी तीच राहील, पण ती कोणत्या मातीत, कोणाच्या चुलीवर शिजली ते कळणार नाही. म्हणून आमची विनंती आहे की तुमच्या घरात वापरत असलेला शब्द आधी लिहा. माडगं म्हणत असाल तर माडगंच लिहा, कण्या म्हणत असाल तर कण्याच लिहा, येसूर म्हणत असाल तर येसूरच लिहा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचकासाठी पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगा म्हणजे झाले. ऱ्हस्व-दीर्घ नंतर दुरुस्त करता येते. हरवलेला शब्द परत आणता येत नाही.

शिक्षण कमी म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी एक उदाहरण सांगतो. मराठीत पाककृतींची पुस्तके जुनी आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० चे. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घराघरांत पोहोचले. कमलाबाईंचे शालेय शिक्षण जेमतेम चार इयत्तांचे होते. त्यांनी वाटी आणि चमचा हीच मापे धरली, कारण स्वयंपाकघरात तीच हाताशी असतात. आपल्याला जे माप रोज वापरता येते त्याच मापाने त्या लिहीत गेल्या, आणि लाखो वाचकांना ते आपले वाटले.

मात्र या पुस्तकांत आपल्या वस्तीतली चूल नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आपली चूल आधी आत्मकथनांत पेटली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणला छोटेसे दुकान चालवता चालवता त्यांनी ते लिहिले आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. बाळंतिणीची भूक काय असते, हे त्यांच्याइतके उघडपणे क्वचितच कोणी लिहिले असेल. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ चे. त्यात कोकणातले घर आहे. पुढे २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यांवर इंग्रजीत पुस्तक काढले. आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद त्यात कृतींसह आहे. नावातच एक प्रश्न आहे, अन्न सर्वांनाच पूर्ण कोठे मिळाले? २०२४ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला आणि मराठवाड्यातल्या वस्तीतला येसूर देशभरातल्या वाचकांना माहीत झाला. सांगायचे तात्पर्य, वाट कोणीतरी पाडून ठेवली आहे. आपल्याला फक्त तीवरून चालायचे आहे.

आता त्या ज्येष्ठ बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. तो सर्वांत अवघड आहे आणि तो टाळून हा वर्ग चालवणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यांची वेदना खरी आहे. मेलेल्या जनावराचे मांस, दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे, पंगती उठल्यावरचे उष्टे, हे गावगाड्याने आपल्या पूर्वजांच्या गळ्यात बांधले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले, आणि गावोगाव लोकांनी ते ऐकले. त्याच परिषदेत २० मार्चला चवदार तळ्यावर पाणी घेऊन लोक परतले आणि मंडपात जेवायला बसले असता त्यांच्यावर हल्ला झाला. वाढलेले अन्न धुळीत मिसळले गेले, भांडी ठेचली गेली. चवदार तळ्याच्या इतिहासात पाणी आहे तसे अन्नही आहे, हे आपण विसरू नये.

आता विचार करा. घरात धान्याचा दाणा नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेले अन्न माणूस स्वाभिमानासाठी नाकारतो. याला केवढे धैर्य लागले असेल! मग त्या अन्नाबद्दल लिहिल्याने समाजाची बदनामी होते की हे धैर्य उजेडात येते? त्या दिवशी चुलीवर मग काय शिजले? घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ते मान्य केले की कुरकुर केली? शेजारच्या वस्तीने साथ दिली का? हे आपण लिहिले नाही तर पुढच्या पिढीच्या हाती ‘मृतमांस सोडले’ एवढे दोन शब्द उरतील. त्या दोन शब्दांमागची उपाशी रात्र त्यांना कळणार नाही. लाज वाटायची असेल तर ती ज्यांनी हे अन्न लादले त्यांना वाटली पाहिजे. खाऊन जगलेल्यांनी आणि पुढे ते सोडून देणाऱ्यांनी ती का वाहावी?

दुसरे असे की आपल्या जुन्या खाण्यात लादलेले होते तसे कमावलेलेही होते. मांसाच्या लांब चान्या कापून, मीठ लावून, उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायच्या, ही साठवणीची विद्या होती. भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या येसुराने पातळ कालवण दाट करून आठ माणसांना पुरवायचे, हा हिशेब होता. मार्च २०१५ पासून आपल्या राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे. त्यामुळे यातल्या काही गोष्टी आता फक्त आठवणीत आहेत आणि आठवण माणसाबरोबर जाते. काही सभासदांनी पहिल्या शीलाचा विचार करून मांसाहार सोडला आहे, काहींनी सोडलेला नाही. दोघांनीही लिहावे, आणि या वर्गात कोणी कोणाच्या ताटावरून त्याची परीक्षा करू नये. ज्यांना एखादी आठवण लिहायचीच नाही त्यांच्यावर सक्ती नाही. मात्र आपल्या मर्जीने न लिहिणे वेगळे आणि लाजेने न लिहिणे वेगळे. आपण कोणते करतो आहोत, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. एक सावधगिरीही बाळगावी. भुकेला उगाच सोन्याचा मुलामा देऊ नये. ‘गरिबीत होतो पण सुखात होतो’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईला एकदा विचारून घ्यावे.

आता वर्गाच्या रीतीविषयी थोडेसे. लिहिलेले मोठ्याने वाचायचे आहे आणि नवशिक्याचे पाय तेथेच लटपटतात. म्हणून आपण सम्यक वाचेचा नियम ठेवणार आहोत. बोलणे खरे असावे, योग्य वेळी असावे, सौम्य असावे, उपयोगाचे असावे आणि मैत्रीच्या भावनेने असावे. पहिल्या चार बैठकांत ऐकणाऱ्यांनी ‘छान’ किंवा ‘बरोबर नाही’ असे काही म्हणायचे नाही. फक्त प्रश्न विचारायचे. कधी? कशात? किती? कोणी? मग काय झाले? कौतुकाने माणूस क्षणभर सुखावतो, टीकेने दबतो, पण प्रश्न विचारला की त्याला कळते, आपण सांगतो आहोत ते कोणालातरी हवे आहे. नवशिक्याला बळ देणारी याहून मोठी गोष्ट आम्हाला माहीत नाही. घरातल्या ज्येष्ठांना विचारताना त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांनी सांगितलेले छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा.

विषयांना तोटा नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मिळालेली सुकडी आणि रेशनवर आलेली लाल मिलो आठवणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. मिलोची भाकरी कशी व्हायची, मुले ती खायला का कुरकुरायची, ते त्यांना विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेल्या मंडळींनी फडक्यात काय बांधून नेले होते, ते ज्यांच्या घरी सांगितले जाते त्यांनी लिहावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांच्या जेवणासाठी जे हात राबतात, त्यांनी लिहावे.

आणि वर्गाचे पहिले सामुदायिक काम आम्ही आजच जाहीर करतो. दर वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारात सुजातेच्या स्मरणार्थ खीरदान होते. पातेले मोठे, माणसे शेकडो. तांदूळ किती, दूध किती, साखर कधी घालायची, खाली लागू नये म्हणून ढवळणारा किती वेळाने बदलायचा, हे सारे प्रमाण आज चारपाच जणांच्या हातात आहे, कागदावर कोठेही नाही. चुंदाच्या पदार्थाचे जे झाले ते आपल्या खिरीचे होऊ देऊ नका. येत्या पौर्णिमेपूर्वी प्रत्येकाने त्या मंडळींपैकी एकाशी बोलून दहा ओळी लिहून आणाव्यात. दहाच ओळी. त्यांत एकही अमृत नको, एकही स्वर्गीय चव नको. किती, कशात, कधी आणि कोणी, एवढे आले की पुरे.

१९२० साली बाबासाहेबांनी आपले पहिले पत्र काढले तेव्हा त्याला ‘मूकनायक’ हे नाव दिले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांच्या बाजूने ते पत्र उभे राहिले. आज आपल्याला बोलण्यापासून कोणी अडवलेले नाही. वही आहे, लेखणी आहे, ऐकायला माणसे आहेत. मग घरच्या भाकरीवर लिहायला भीती कशाची?